हाकला त्याला

फुटबॉलची मॅच संपत आली होती आणि आमची टीम पुन्हा हरत होती. शेजारच्या खुर्चीतले आजोबा घसा बसेपर्यंत एकच ओरडत होते, "मॅनेजरला हाकला!"

शेवटी मला राहवलं नाही. "आजोबा, पोरं फिरायला आल्यासारखी चालताहेत. समोर मोकळा गोल असून बॉल आभाळात मारतात. त्याला मॅनेजर बिचारा काय करणार?"

"काही नाही," ते दमून खाली बसले. "त्याची काडीचीही चूक नाही."

"मग त्याच्या नावानं शंख कशाला?"

"खेळाडूंना ओरडून काय होणार? सगळ्यांना थोडंच काढतात!"

शिट्टी वाजली. खाली मैदानाच्या कडेला मॅनेजर कोटाची कॉलर वर करून एकटाच उभा होता. कुणीतरी त्याच्या दिशेनं रिकामी बाटली भिरकावली. आजोबा खुर्चीला धरून पुन्हा उठले आणि उरल्यासुरल्या आवाजात ओरडले, "हाकला त्याला!"

मग माझा हात धरून म्हणाले, "तुम्हीही ओरडा ना जरा. वर्षभर धड झोपलेला नाही पोरगा माझा. हाकलल्याशिवाय काही घरी यायचा नाही."