पडद्यामागनं बघितलेला सिनेमा

या दादा, बसा इथं पहिल्या रांगेत, खेळ सुरू होईस्तोवर या तंबू टॉकीजची गंमत सांगतो. जत्रेत परग्रहावरच्या माणसांचा चावट, हसवणारा सिनेमा आला. कॉलेजच्या पोरापोरींना दाखवावा का, हे ठरवायला सरपंच तात्या आणि पंच आधी बघायला बसले.

तात्यांची कॉलेजात शिकणारी लेक केसर मैत्रिणींना घेऊन गुपचूप पडद्यामागं बसली. तिथनं चित्र उलटं दिसतं, पण दिसतं.

सिनेमा संपला. हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत तात्या म्हणाले, “छ्या! पोरं बिघडतील.”

केसर पडदा उचलून पुढं आली. “तात्या, तुम्ही खदाखदा हसलात. आम्ही ओढणीचा बोळा तोंडात कोंबून हसलो. आता पुढं बसून तोंड उघडून हसायचंय.”

“घरी चल!”

“दुसरा खेळ बघून येते.” ती पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसली. मागोमाग मैत्रिणी आल्या.

दादा, तुम्हीबी जरा सरका की. पोरींना जागा द्या.