कागदांचा बाप

विहिरीवर पोटभर पाणी प्यायल्यावर अबू वरकने नकाशाची वळकटी सोडली आणि मांडीवर पसरली. त्याचा वाटाड्या सुहैम उंटांना पाजत होता, पण त्याचं लक्ष त्या कागदावरच होतं.

त्या वाळूत माणसाला मुलाच्या नावाने ओळखतात, अमक्याचा बाप म्हणून. या इंग्रजाला ना मूल ना बाळ. वीस वर्षं तो उन्हातान्हात कागद काळे करत हिंडला, म्हणून सगळे त्याला अबू वरक म्हणत, कागदांचा बाप. आता बाप म्हातारा झाला होता. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, त्यात दोन दिवसांच्या तापाने पार पिळून काढलेला. सुहैमही थकला होता, पण त्याचा थकवा पायांतला नव्हता.

अबू वरकची मोजायची रीत साधी होती. उंटाची हजार पावलं झाली की एक खडा उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकायचा. मुक्कामाला पोचलं की डावीकडचे खडे मोजून कागदावर तेवढी रेघ पुढे ओढायची. सूर्य बघून जागा ठरवायचं यंत्र उंटाखाली सापडून मोडलं, तेव्हापासून सगळी भिस्त खड्यांवर होती. ताप चढला तेव्हा त्याने खडे सुहैमच्या हवाली केले, तेवढं माझ्यासाठी कर म्हणाला आणि उंटावरच मान टाकली.

सुहैमने दोन दिवस खडे टाकले, पण कमी टाकले.

त्याला कारण होतं. खुवैरची विहीर अशीच कुणीतरी कागदावर नेली होती. पुढच्या उन्हाळ्यात तिथे मोटार आली, मग शिपाई आले, आणि आता खुवैरचे लोक आपल्याच पाण्याला हात लावायला परवानगी मागतात. या विहिरीवर सुहैमचं सगळं कुळ उन्हाळा काढत होतं. तिच्या तोंडावर कातडं घालून वर वाळू लोटलेली असे. वरून उंट गेला तरी पत्ता लागू नये. पाहुणा तहानेने मरायला टेकला म्हणून त्याला इथे आणावं लागलं. विहीर मात्र कागदावर जाऊ द्यायची नव्हती. आपण तोंडाने कुठे खोटं बोललो, अशी सुहैम दोन दिवस स्वतःची समजूत घालत होता. त्याच्या लोकांत बाकी सगळ्या थापा चालायच्या, उंटिणीच्या दुधाच्या, लढाईतल्या मर्दुमकीच्या, बायकोच्या माहेरच्या. पाण्याची थाप चालत नसे.

सुहैमने परत दिलेले खडे अबू वरकने मोजले, रेघ ओढली आणि तिच्या टोकाला ठिपका दिला. मग नवं पोर हातात दिल्यासारखा तो त्या ठिपक्याकडे बघत बसला.

"हा माझा शेवटचा. पाय संपले बघ, सुहैम," तो म्हणाला. "पण माझ्यामागून जो येईल त्याला वाटाड्या शोधत बसायला नको. या ठिपक्यापर्यंत पुरेल एवढं पाणी बांधून घेईल आणि नीट इथे येऊन उभा राहील."

सुहैमच्या हातातला दोर थांबला. ठिपका पडला होता तिथे, एका दिवसाच्या वाटेवर अलीकडे, नुसती वाळू होती. त्या वाळूत उभा राहून रिकामी पखाल हलवून बघणारा माणूस त्याला दिसला. कोण कुठला, ठाऊक नाही. पण त्याला तिथे नेऊन उभा करणारा सुहैमच होता. तो उठून अबू वरकच्या समोर जाऊन बसला.

"पूस तो. चुकीचा आहे," तो म्हणाला. "खडे मी कमी टाकलेत."

अबू वरक चिडला नाही. चिडला असता तर सुहैमला बरं वाटलं असतं.

"किती कमी?"

"ते नाही सांगणार. उद्यापासून पुढच्या ओळखीच्या ठिकाणापर्यंत मोजत जा, मग उलटा हिशेब करून सापडेल तुला. मी अडवणार नाही. पण खोटा ठिपका ठेवू नकोस. जागा कोरी असली तर कोरीच राहू दे. कोऱ्या जागेच्या भरवशावर कुणी घर सोडत नाही."

अबू वरकचं बोट नकाशावरच्या जुन्या ठिपक्यांवरून फिरत गेलं. वीस वर्षांचे ठिपके होते. प्रत्येकाला कुणी ना कुणी वाटाड्या होता, आणि ताप काही त्याला यंदाच पहिल्यांदा आला नव्हता.

"आणि हे बाकीचे?" त्याने विचारलं. "यातले किती असे?"

म्हाताऱ्याचं मन राखायला एक शब्द पुरला असता. सुहैमला त्याची कणवही आली. पण गोष्ट पाण्याची होती.

"ते त्यांना विचार," तो म्हणाला. "मी तुला ही एकच दाखवली."

अबू वरकने नकाशा मांडीवर सपाट केला. मग त्याने भाकर मागितली. भूक लागली असेल म्हणून सुहैमने राखेत भाजलेली भाकर पुढे केली. अबू वरकने आतला मऊ भाग काढला, बोटांत मळून त्याची गोळी केली आणि ठिपका घासायला लागला. खोडरबर कधीच उन्हाने वितळून गेलं होतं. ठिपका गेला, मागची दोन दिवसांची रेघही गेली. काळी झालेली गोळी त्याने वाळूत टाकली.

भाकर जमिनीवर पडू देत नाहीत. सुहैमने ती उचलली, फुंकर मारली आणि कपाळाला लावली.

"अरे, काळी झालीय ती," अबू वरक म्हणाला.

"भाकरच आहे," म्हणत सुहैमने ती तोंडात टाकली, सावकाश चावून गिळली आणि विहिरीवर कातडं ओढायला उठला.

अबू वरक गुडघ्यांवर सरकत आला आणि दोन्ही हातांनी कातड्यावर वाळू लोटू लागला. लोटता लोटता त्याने खिशातले खडेही त्यातच ओतले.