एकच नग शिल्लक

नोकरी सोडून घरी बाळांच्या टोप्या विणून विकणार, असं तिने सांगितलं तेव्हा आईने फोनवर एवढंच विचारलं होतं, "एवढं शिकून आता लोकांना टोप्या घालणार का?" तेव्हापासून मायलेकींचा अबोला.

आज तिच्या छोट्याशा ब्लॉगवर दुकानाचं पान सुरू झालं. तान्ह्या लेकीला मांडीवर थोपटत तिने पहिल्या टोपीचा फोटो चढवला, किंमत टाकली आणि नवऱ्याला बघायला सांगितलं.

त्याने मोबाइलवर शांतपणे पाहिलं. "छान झालंय. फक्त आपली लेक विकायला काढलीयेस."

तिने मोबाइल त्याच्या हातातून ओढून घेतला. फोटोत टोपी घालून लेकच बसली होती. वस्तूचं नाव लिहायच्या जागी तिने ब्लॉगच्या सवयीने 'आमची ठमाबाई' लिहिलं होतं. त्याखाली दुकानाने आपणहून जोडलं होतं: 'एकच नग शिल्लक. त्वरा करा.'

"नग तर आहेच ती," नवरा म्हणाला.

"हसतोस काय? कुणी खरंच मागवली तर?"

ती घाईघाईने नाव बदलायला गेली, तर पानावर 'माल संपला' असं दिसलं. पैसेही जमा झाले होते. मागवणाऱ्याच्या नावाच्या जागी आईचं नाव होतं. आई आपला ब्लॉग वाचते, हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

खाली सूचनेच्या चौकटीत आईने लिहिलं होतं, "टोपी नसली तरी चालेल. एकावर एक फ्री असेल, तर ठमाबाईसोबत तिची आईही पाठवा."