नेमके शंभर

“म्हणजे माझ्यावर संशय हाय, असं सरळ म्हणा की,” निवृत्ती म्हणाला. हातातला चहाचा कप त्याने तसाच टेबलावर ठेवून दिला.

“संशय कुणावरच नाही. मार्कांना कोण हात लावतं त्याची आज नोंद लावतोय, म्हणून तुझा पासवर्ड फक्त उद्यापर्यंत बंद ठेवतोय,” श्रीनाथ स्क्रीनवरची नजर न उचलता बोलला.

रविवारची संध्याकाळ होती. लातूरच्या त्या मोठ्या कोचिंग क्लासच्या कॉम्प्युटर रूममध्ये दोघंच होते. श्रीनाथ तिथला प्रमुख, निवृत्ती त्याच्या हाताखालचा ऑपरेटर. निवृत्ती मूळचा किल्लारीचा, भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये जन्मलेला. सहा वर्षं दोघं एकत्र जेवत आले होते, आणि निवृत्तीच्या डब्यातली धपाटी बहुतेक श्रीनाथच संपवायचा.

भानगड श्रीनाथच्या मुलीची होती. मुग्धा याच क्लासच्या पहिल्या बॅचमध्ये होती. दर रविवारी परीक्षा व्हायची, संध्याकाळी मशीन उत्तरपत्रिका वाचून मार्क सर्व्हरवर टाकायचं आणि सोमवारी सकाळी पालकांना मेसेज जायचे. पण गेले दोन सोमवार मुग्धाचे मार्क मधल्या मधेच उतरत होते. रविवारी घरी जाताना श्रीनाथने डोळ्यांनी पाहिलेला आकडा मेसेजमध्ये शंभरने कमी असायचा. दोन्ही वेळा नेमके शंभर.

“चोर लई हिशेबी दिसतो,” निवृत्ती म्हणाला. “साहेब, असं करू. मुग्धाताईची उत्तरपत्रिका काढू अन् परत मशीनमधे घालू. खरे किती ते विरूपाक्ष सरांसमोरच दिसून जाईल.”

“सरांना कशाला मधे घ्यायचं? उगीच बोभाटा.”

“होऊ द्या की. कर न्हाई त्याला डर कशाची?”

निवृत्तीचा भाचा दुसऱ्या बॅचमध्ये पहिला होता, आणि वरच्या बॅचमधली एक जागा रिकामी झाली की ती त्यालाच मिळणार होती. संशयाला एवढं पुरेसं होतं. तरीही श्रीनाथला लाज वाटत होती. गेले काही आठवडे त्याला आतून सारखं ओशाळं वाटायचंच. आज त्या लाजेला निवृत्तीचं नाव मिळालं एवढंच.

निवृत्ती निघून गेला. कप भरलेलाच राहिला.

कालच विरूपाक्ष सरांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, “श्रीनाथराव, पोरगी घसरायली. उद्याची परीक्षा बघू, न्हाईतर तिला खाली टाकावं लागंल. क्लास माझा असला तरी स्टाफची पोरगी म्हणून किती दिवस झाकू?” पहिल्या बॅचची पोरं डॉक्टर होतात आणि दुसऱ्या बॅचची पुढच्या वर्षी परत परीक्षेला बसतात, असं लातुरात सगळेच धरून चालतात. श्रीनाथही चालत होता.

त्याने आधी आपलं नेहमीचं रविवारचं काम उरकलं. मग सर्व्हरवर लॉगिंग सुरू करायला घेतलं. डिस्क भरते म्हणून ते त्यानेच कित्येक वर्षं बंद ठेवलं होतं. आता मार्कांना कुणी हात लावला, की कुणाच्या पासवर्डने, कुठल्या मशीनवरून, आधीचा आकडा कोणता आणि नंतरचा कोणता, सगळं आपोआप नोंदलं जाणार होतं. नीट चालतंय का बघायला त्याने एक खोटा विद्यार्थी तयार केला, त्याचे दहाचे वीस केले आणि लॉग उघडला. दहाचे वीस, आणि शेजारी त्याचं स्वतःचं नाव. घाईघाईने त्याने ती खिडकी बंद केली.

घरी मुग्धा उत्तरसूची समोर ठेवून आपल्या उत्तरपत्रिकेच्या कार्बन कॉपीवर खुणा करत बसली होती. शेजारी त्याचाच लॅपटॉप होता, लेक्चर मधेच थांबवलेलं.

“किती येतायत?”

“बघतेय अजून.” तिने कागद पालथा घातला. “पेपर जड होता बाबा. मला झेपत नाहीये हे.”

“सगळं झेपतं. तू काळजी करू नको. मी आहे ना.”

तिने एकदम वर पाहिलं. ती पहिल्या बॅचमध्ये गेली तेव्हा तो पेढे घेऊन आला होता. तिने पेढा हातात घेतला होता आणि तसाच बॉक्समध्ये परत ठेवला होता. साखर आवडत नसेल, असं म्हणून त्याने तो स्वतः खाल्ला होता.

“हो, तुम्ही आहात,” ती म्हणाली आणि लेक्चर सुरू केलं.

सकाळी तो क्लासवर पोचला तर निवृत्ती दारातच उभा. डोळे तारवटलेले.

“ती नोंद माझ्यासमोर उघडा साहेब. रात्रभर बायकोला तोंड दाखवू वाटलं न्हाई.”

नाही म्हणायला जागा नव्हती. श्रीनाथने लॉग उघडला. चाचणीच्या खाली एकच नोंद होती. मुग्धाचे पाचशे चौऱ्याऐंशीचे चारशे चौऱ्याऐंशी झाले होते, पहाटे. पासवर्ड श्रीनाथचा आणि मशीन त्याच्या घरचा लॅपटॉप.

निवृत्तीने ती ओळ दोनदा वाचली. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद नव्हता, नुसता गोंधळ होता.

“ताईंनी केलं व्हय हे?” तो हळूच म्हणाला. “पण स्वतःचे मार्क कोण कशाला कमी करंल, साहेब?”

श्रीनाथ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिला. चारशे चौऱ्याऐंशी. काल संध्याकाळी मशीनने उत्तरपत्रिका वाचून हाच आकडा सर्व्हरवर टाकला होता, आणि लॉगिंग सुरू करण्याआधी, दर रविवारसारखं, त्याने स्वतःच्या हाताने त्यात शंभर वाढवले होते.