सर्वानुमते हशा

आप्पा हसले, आणि त्यांच्यामागे शिरूरचं ते अख्खं थेटर हसलं. पडद्यावर पुण्यातला एक नामांकित नट लुगडं नेसून शेणात पडला होता. तो दर वीस मिनिटांनी शेणात पडत होता. पडायच्या आधी 'टुंग' असा आवाज यायचा, म्हणजे कुणाला डुलकी लागली असेल तर त्यानं जागं होऊन हसावं.

हौसराव आप्पा तळेगाव ढमढेऱ्याच्या एका दूध संस्थेचे चेअरमन. सिनेमात पैसा त्यांचा आणि दिग्दर्शन त्यांच्या मुलाचं, सत्यजीतचं. उद्यापासून सिनेमा शिरूरला, दौंडला आणि पुण्याला लागणार होता. आजचा दुपारचा खेळ संस्थेच्या सभासदांसाठी फुकट होता. माणसं जीपगाड्या भरभरून आली होती, आणि पुण्याहून सिनेमातले नटही आले होते.

"लोकं हसली तर दुसरा पिक्चर काढू," आप्पांनी मुलाला आधीच सांगून ठेवलं होतं. "न्हाई हसली, तर गुमान खताच्या दुकानात बसायचं."

सत्यजीतला युरियाच्या वासानंच कसंसं व्हायचं.

नट मात्र काय जमवले होते! रंगमंचावर नुसती भुवई उचलून हसवणारी माणसं. पण सिनेमात त्यांच्या भुवयांना कुणी कामच दिलं नव्हतं. एक तोतरं बोलत होता, एक येईल त्याच्या थोबाडीत मारत होता, एक उभ्या उभ्या घोरत होता. सगळे एकदम ओरडत होते आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. चांगलं मटण आणून त्यात साखर ओतावी, तशातली गत. तरी थेटर हसत होतं. पहिल्या रांगेच्या पुढं संस्थेच्या ऑफिसातला सोफा आणून टाकला होता. त्यावर आप्पांच्या शेजारी बसलेला सत्यजीत तर हसून हसून लाल झाला होता. खताचं दुकान लांब चाललं होतं.

मध्यंतराच्या जरा आधी नायकाची आई वारली. नायकानं हंबरडा फोडला. त्याच वेळी आप्पांना सुपारीचा ठसका लागला, आणि सगळं थेटर खो-खो हसलं.

सत्यजीतनं मागं वळून पाहिलं. पाठोपाठ मध्यंतराचे दिवे लागले.

बाहेर वडापावच्या गाडीपाशी धुरपदाकाकी उभ्या होत्या. संस्थेला रोज सकाळी पहिलं दूध त्यांचं यायचं.

"काकी, कसा हाय पिक्चर?" सत्यजीतनं जाऊन विचारलं.

"लई ग्वाड हाय, बाबा."

"हसू कुठं आलं तुम्हाला?"

धुरपदाकाकी गोंधळल्या. एवढा शिकलेला मुलगा असं कसं विचारतो, असं त्यांच्या तोंडावर दिसलं. "आप्पा हसलं की! त्यांनी हसायचं आन् आमी गप बसायचं, बरं दिसतं का ते?"

सत्यजीत तसाच मॅनेजरच्या खोलीत शिरला. आप्पा मुख्य नटाबरोबर चहा घेत होते.

"आप्पा, खरं सांगा. तुम्हाला कशाचं हसू आलं?"

"मला कुठं त्यातलं कळतंय?" आप्पांनी बशीतला चहा ओढला. "तू हसायला लागलास की मी हसतो. म्हटलं, पोराला कळतंय."

सत्यजीत कशाला हसत होता? शूटिंगच्या वेळी प्रत्येक शॉटनंतर हे मोठमोठे नट पोट धरून हसले होते, म्हणून. आज पडद्यावर तेच शॉट आले की त्याला तो हशा आठवत होता. त्यानं नटाकडं पाहिलं. नटानं कप खाली ठेवला. माणूस मुळात खोटारडा नव्हता.

"सत्यजीतराव, तुम्ही मालकांचे चिरंजीव. शॉट झाला की तुम्ही आमच्या तोंडाकडे बघायचात. मग हसावंच लागायचं हो."

म्हणजे या विनोदी सिनेमाला आजवर एकही माणूस हसला नव्हता. लिहिताना नाही, करताना नाही, बघतानाही नाही.

मध्यंतरानंतर तो तोंड मिटून बसला. लुगडं नेसलेला नट पुन्हा पडला. आप्पांनी मुलाकडं पाहिलं आणि तेही गप्प राहिले. मग काय, थेटर स्मशानासारखं शांत झालं. शेवटपर्यंत ते 'टुंग' तेवढं एकटं वाजत राहिलं. ऐकवेना ते.

दिवे लागले तेव्हा सत्यजीतला तोंड लपवायला जागा नव्हती. पण पोटच्या पोराची अशी अवस्था आप्पांना बघवली नाही. त्यांनी खताच्या दुकानाचा शब्द बाजूला ठेवला. वार्षिक सभेत उठतात तसे ते उठले आणि सभासदांकडं वळले.

"मंडळी, सत्यजीतचा दुसरा पिक्चर काढायचं ठरतंय. काय म्हणणं हाय?"

"मंजूर! मंजूर!"

सगळे हात वर गेले. नटांनीही हात वर केले, त्यांचा उत्साह तर विचारूच नका. ज्या गोष्टीसाठी सत्यजीत वर्षभर देव पाण्यात घालून बसला होता, ती अशी फुकट पदरात पडत होती. फक्त मान डोलवायची होती.

त्यानं मागच्या रांगांवरून नजर फिरवली. मग अंगातलं सगळं बळ गोळा करून तो म्हणाला,

"नामंजूर."

संस्था निघाल्यापासून हा शब्द आप्पांसमोर कुणी उच्चारला नव्हता. आप्पांचा हात हवेतच राहिला. त्यांचं तोंड उघडलं, ते मिटेना. धुरपदाकाकींनी पदर तोंडात कोंबला, तरी फस्सकन हसू बाहेर आलंच. मग त्यांच्या मागची रांग फुटली, मग बाल्कनी, मग नटसुद्धा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत माणसं हसत होती, आणि आप्पा हसतायत का, हे बघायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.