कायम राहणारं पान

“ही बी नको,” सावळाराम म्हणाले. “हिच्यात फुलं लई. बारशाचं वाटतंय.”

खुशबूनं ती थीम बंद करून पुढची उघडली. मंचरच्या पेठेत, वडिलांच्या भुसार दुकानाच्या माळ्यावर बसून ती साड्यांच्या दुकानांना, कृषी पर्यटनवाल्यांना वेबसाइट बनवून द्यायची. गिऱ्हाइकानं ढीगभर थीम बघाव्यात, सगळ्यांना नाक मुरडावं आणि शेवटी पहिलीवरच यावं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. पण आज ती वैतागली नव्हती. समोर अवसरीचा एक बाप बसला होता. त्याच्या हातात मुलीचा फोटो होता आणि उद्या नदीवर तिचा दहावा होता. फोटोतली हर्षाली खुशबूच्याच वयाची. निदान तिचं हे आठवणींचं पान तरी तिला शोभेल असं व्हावं, एवढंच खुशबूच्या मनात होतं.

“फ्लेक्स वाऱ्यानं फाटतो,” सावळारामांनी आल्याआल्याच सांगून टाकलं होतं. “आमाला कायमचं पायजे. आन लांबवर दिसलं पायजे. सुरतंला दिसंल ना?”

“जगात कुठंही दिसेल, काका.”

सुरतेला पाहुणेरावळे असतील, असं ती समजली.

तिनं एक पिवळी थीम उघडली. हर्षालीची आई, ठमाबाई, जिन्याच्या तोंडाशी बसल्या होत्या. हळदीसारखं पिवळं पान पडद्यावर आलं तशा त्या जरा पुढं सरकल्या. सावळारामांनी नुसतं वळून पाहिलं. त्या पुन्हा होत्या तिथं जाऊन बसल्या.

शेवटी काळी थीम ठरली. मधोमध गोल चौकट, खाली पांढरी अक्षरं. खुशबूनं चौकटीत फोटो बसवला. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं.

“कधी गेली?” तिनं हळूच विचारलं.

“यात्रंच्या राती. देवाचा छबिना निघाला, तवा.”

काय झालं होतं, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. सगळं गाव गुलालात न्हात असताना घरातली तरणी पोर गेली होती. तिनं गुपचूप तारीख टाकली.

तेवढ्यात जिन्याकडून आवाज आला. “बाई, हे मागनं पुसता येतं का?”

खुशबूला भरून आलं. लेक तर गेली, आता तिचा फोटोही जाईल की काय, याची या माउलीला धास्ती. ती खुर्ची वळवून समजुतीच्या सुरात म्हणाली, “नाही काकू, घोर लावून घेऊ नका. कायम राहील. कुणालाच पुसता येणार नाही.”

ठमाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि त्या गदगदून रडायला लागल्या. सावळाराम मात्र पहिल्यांदाच खुर्चीत निवांत टेकले.

आता पान प्रसिद्ध करायचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं. खुशबूनं जाता जाता विचारलं, “खाली कमेंटसाठी जागा असते, काका. वाचणाऱ्याला चार शब्द लिहिता येतात. चालू ठेवू, का बंद करू?”

“चालू ठिवा,” सावळाराम म्हणाले. “परजातीच्या पोराचा हात धरून सुरतंला पळाली ती. आमी उद्या पिंड ठिवून मोकळं व्हनार. पर तिनं सोताचं मरान वाचलं का न्हाई, ते आमाला कळाया नको?”

खाली दुकानात हमाल पोती उतरवत होते, त्यांचा धपधप आवाज येत राहिला. काळ्या पानावर हर्षाली हसत होती. खुशबूचा माउसवरचा हात आपसूक मागं आला. मघापासून इतका जीव लावून ती एका जिवंत मुलीची तिरडी बांधत होती.

ती उठली. सावळारामांकडं न बघता जिन्यापाशी गेली आणि ठमाबाईंच्या शेजारी खालीच बसली.

“काकू,” ती म्हणाली, “मघाशी मी चुकीचं सांगितलं. पुसता येतं.”