भिंतीचं टोक

दुसरा चिरा निखळून खाली पडला. गोकुळदासने पहार पुन्हा सांध्यात घातली.

"बाबा, तुका पिसां लागलां काय?" प्रशांत घरातून धावत आला. "भिंत मोडलंस तर फुडल्या पावसात दर्या आमच्या ओसरीत येतलो!"

"येवं दे. आमी घर मागे घेवया. मागे जागा आसा."

तीस वर्षं वास्कोच्या बंदरात काढून गोकुळदास केरीला परतला होता. आल्या आल्या त्याने घरासमोर, दर्याच्या अंगाला, ही भिंत घातली. गावाने त्याच्या अकलेची वाहवा केली. दोन पावसाळे ओसरीवर शिंतोडा उडाला नाही.

फक्त वाळू परतली नाही. पूर्वी पावसाळ्यातल्या दांडग्या लाटा किनारा खरवडून वाळू आत नेत. पाऊस सरला की लहान, संथ लाटा तीच वाळू ओंजळीओंजळीने काठावर आणून टाकत. दसऱ्यापर्यंत पुळण पुन्हा भरू लागे. यंदा दसरा होऊन गेला, तरी भिंतीवर आपटलेली लाट तशाच जोराने मागे फिरत होती आणि पायाशी जमू पाहणारी वाळू ओढून नेत होती.

आज सकाळी शेजारची सुमन आली होती. श्रावणात तिचे दोन माड आडवे झाले होते, अर्धं अंगण वाहून गेलं होतं. पण ती रडायला आली नव्हती.

"दादा, तुमच्या गवंड्याक माझ्याकडे धाडशात? माका पण अशीच भिंत बांधूची आसा. तुमची बघून धीर येता."

दुपारच्या भरतीला गोकुळदास भिंतीच्या टोकाशी, सुमनची हद्द लागते तिथे, जाऊन उभा राहिला. लाट भिंतीवर आपटली, तिच्या कडेकडेने सरकत टोकापर्यंत आली आणि तिथून सुमनच्या अंगणाकडे वळली. दुसरी आली, तीही वळली. तिसरी वळल्यावर तो घरात गेला आणि पहार घेऊन आला.

घावांचा आवाज ऐकून सुमन कुंपणाशी आली.

"अहो दादा, मोडतास कित्याक? माझी भिंत उभी रवापर्यंत तुमची तरी रवू दे!"

प्रशांतने बापाचा दंड धरला. गोकुळदासने तो सोडवून घेतला. तिसरा चिरा हलला, निखळला. मग त्याने मान वर केली.

"तुझां आंगण दर्यान नाय खाल्लां, सुमन," तो म्हणाला. "माझ्या भिंतीन खाल्लां."